सदतीस अंडी आणि तीन पेचकस

आमच्या घरात टेस्टर हे सगळ्या कामांचं हत्यार होतं. वीज आहे की नाही हे बघायला तो आणला होता, पण ते काम त्याच्या वाट्याला वर्षातून दोनदा आलं असेल. बाकी दिवस त्याने कुकरच्या दांड्याचा स्क्रू आवळला, रिमोटचं झाकण उचकटलं, रंगाचे डबे उघडले आणि चष्म्याच्या काड्या बसवल्या. मी डिंभ्याच्या कालव्यावर पाण्याची पातळी वाचून नोंदवतो. एक सेंटीमीटर इकडेतिकडे झाला तर दुसऱ्या दिवशी शेतकरी दारात उभे राहतात, म्हणून पट्टी दोनदा वाचायची मला सवय आहे. तोच मी घरी आल्यावर फुलीच्या स्क्रूत चपटा टेस्टर तिरका घालून फिरवत होतो. पंधरा-वीस वर्षं फिरवला. स्क्रूचं डोकं झिजतं हे दिसत होतं, पण निघतोय ना, मग झालं, असा हिशेब होता.

दसरा होऊन गेल्यावर एका सकाळी हा हिशेब चुकला.

बायकोने त्या वर्षी अंडी उबवायचं छोटं यंत्र घेतलं होतं. खाली अंड्यांची प्लास्टिकची पेटी, वर झाकण, आणि झाकणातच तापमान राखणारी वायरिंग, पंखा आणि आकडे दाखवणारी काच. अंडी तिच्या थोरल्या बहिणीने तळेघरहून पाठवली होती. भाताच्या तुसात नीट रोवलेली बेचाळीस गावरान अंडी एसटीतून घोडेगावला आमच्याकडे आली आणि एकही फुटलं नाही. यंत्रात अंडी मांडून चार दिवस झाले असतील, तेव्हा तळेघरहून फोन आला. मेहुणीच्या कोंबड्यांत मानमोडी आली होती. या रोगात कोंबडी मान पिळवटून पडते आणि उठत नाही. पाच दिवसांत तिच्या एकोणीस कोंबड्या आणि एक कोंबडा गेला.

"एक बी न्हाई ऱ्हायली," मेहुणी फोनवर म्हणाली. "आईनं लग्नात दिलेल्या जोडीचं बियाणं व्हतं ते. आता तुमच्या त्या पेटीत हाय तेवढंच."

ती अंडी रोग यायच्या आधी जमवलेली होती. सातव्या दिवशी आम्ही ती एकेक करून बॅटरीच्या उजेडावर धरली. पाच पोकळ निघाली, ती काढून टाकली. उरली सदतीस. त्या दिवसापासून घरात मी तापमानाचा आकडा विचारायचो आणि बायको सांगायची. सकाळी सहा दहा, सदतीस पॉईंट सात. दुपारी, सदतीस पॉईंट सहा. वहीत लिहीत होतो.

तेराव्या दिवशी सहा दहाला आकडा बरोबर होता. नऊ चाळीसला काच काळी पडलेली. भिंतीतल्या अडॉप्टरचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे वीज होती पण पुढे जात नव्हती. पेटीतला साधा थर्मामीटर छत्तीस पॉईंट एक दाखवत होता.

मी झाकण उचललं, उलटं केलं, तर आत काहीतरी खुळखुळलं.

"यात काय पडलंय?" मी विचारलं.

बायकोने झाकणाकडे बघितलं. मग म्हणाली, "खिळा असंल."

"खिळा? कुठला?"

"काल दुपारी ढग किती गडगडले! अक्काचा फोन आला व्हता. म्हणाली, लोखंड ठेवलं का? तुमी तर सांगितलेलं, झाकण उघडायचं न्हाई, आतला ओलावा जातो. मंग वरच्या फटीतनं सोडला. म्हटलं खाली अंड्यांत पडंल."

आमच्याकडे कोंबडी रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवतात तेव्हा पाटीत अंड्यांच्या बाजूला लोखंडाचा तुकडा ठेवतात. ढग गडगडले तरी अंडी नासत नाहीत, असं म्हणतात. मी ते लहानपणापासून बघितलं आहे. यंत्र ही बायकोच्या लेखी रवणच होती, आणि झाकण उघडू नये हा माझा नियमही तिने पाळला होता. पण झाकणावरच्या त्या फटी अंड्यांकडे जात नव्हत्या, वायरिंगच्या कप्प्यात जात होत्या. खिळा रात्रभर तिथे निवांत पडून राहिला. सकाळी केर काढताना तिने यंत्राखालचं स्टूल सरकवलं, तसा तो घरंगळला आणि दोन तारांच्या मध्ये आडवा पडला.

रागवायला वेळ नव्हता आणि कारणही नव्हतं. झाकण उलटं करून हलवलं, खिळा बाहेर येईना. कप्पा उघडणं भाग होतं. कप्प्याला सहा स्क्रू होते, फुलीचे, त्यातले दोन खोल भोकात. मी टेस्टर घेतला.

पहिले तीन निघाले. चौथ्याला टेस्टर घसरला, पुन्हा घातला, पुन्हा घसरला. डोक्यावरच्या फुलीचे कोपरे गोल झाले. पाचव्याला मी चिडून जोर लावला आणि फुलीच्या जागी वाटी झाली. हे दोन्ही स्क्रू मी खराब केले, खिळ्याने नाही. हे मी तेव्हाच बायकोला सांगितलं, कारण ती कोपऱ्यात तोंड पाडून उभी होती आणि सगळा दोष आपला समजत होती.

"आता दोघांचा निम्मा निम्मा," मी म्हणालो. "तू पेटी सांभाळ, मी झाकण सांभाळतो."

तिने प्लास्टिकच्या चार बाटल्यांत कढत पाणी भरलं, त्यांना जुन्या साडीचे तुकडे गुंडाळले, अंड्यांच्या मधे ठेवल्या आणि वरून गोधडी टाकली. तोवर पेटीत तेहतीस पॉईंट चारपर्यंत उतरलं होतं. दर वीस मिनिटांनी पाणी बदलायचं आणि आकडा बघायचा, असं ठरलं.

मी बाजारात जाऊन पहिल्या दुकानातून एकतीस तुकड्यांचा पेचकस संच आणला. चकचकीत डबी, एक मूठ आणि तीस टोकं. घरी येऊन सहाव्या स्क्रूत टोक घातलं, फिरवलं. स्क्रू जागचा हलला नाही, टोकच पिळलं गेलं, जिलबीसारखं. दुसरं टोक घातलं, त्याचा एक कोपरा उडाला. निदान सहाव्या स्क्रूचं डोकं शाबूत राहिलं, एवढा त्या संचाचा उपयोग.

आमच्या आळीत पंपाच्या जळलेल्या मोटारी भरून देणारा एक जण आहे. त्याला बोलावलं. त्याने झाकण हातात घेतलं, स्क्रू बघितले, मग माझ्याकडे बघितलं.

"राव, कालव्याचं पाणी मिलिमीटरात मोजता, आन् स्क्रूचं तोंड वळखता येईना व्हय?"

"ते नंतर बोल. तुझ्याकडे आहे का पेचकस?"

"माझे मोटारीचे. ह्यात घातला तर झाकण फाटंल. तुमी नारायणगावला जा. बाजारपेठेत जुनं हार्डवेअरचं दुकान हाय, म्हातारी बसती. घड्याळवाले तिच्याकडनंच नेत्यात. पण जाताना स्क्रू घेऊन जा. न्हाईतर ती उभं करणार न्हाई."

निघालेल्या तीन स्क्रूंपैकी एक कागदात बांधला. खोल भोकात पट्टी घालून खोली मोजली, चौतीस मिलिमीटर. भोकाची रुंदी सहा. दोन्ही आकडे त्याच कागदावर लिहिले आणि मोटारसायकल काढली.

दुकानात सत्तरीच्या बाई बसल्या होत्या. त्यांचं जैन घराणं राजस्थानातून येऊन चार पिढ्या झाल्या, हे दुकानाच्या पाटीवरून आणि भिंतीवरच्या फोटोंवरून समजत होतं. बोलणं मात्र आपल्या पेठेतलंच.

"बारीक पेचकस पाहिजे. चांगला," मी म्हणालो.

"चांगला सगळेच मागतात, भाऊ. स्क्रू आणलाय?"

मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, स्क्रू बोटावर घेतला. "एक नंबरची फुली. याचे कोपरे कशानं घासले?"

"टेस्टरनं."

"सगळे टेस्टरनंच फिरवतात. म्हणून तर आमचं दुकान चालतं."

त्यांनी तीन-चार पेचकस काउंटरवर ठेवले. मी पहिला उचलला, त्याला लोहचुंबक होतं, स्क्रू टपकन चिकटला. मला वाटलं, हाच. बाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"चुंबकाला काय, खिळासुद्धा चिकटेल. धरणं वेगळं आणि बसणं वेगळं. हा घ्या, चुंबक नाही याला. टोक स्क्रूत घाला आणि आडवा धरा."

तो शून्य नंबरचा होता. टोक आत गेलं, पण स्क्रू डुलत होता. हलवला तर किंचित वाजायचा. मग एक नंबरचा घातला. टोकाने फुली पूर्ण भरली. पेचकस आडवा धरला तरी चुंबकाशिवाय स्क्रू पडला नाही, डुललाही नाही. हा फरक अर्ध्या मिलिमीटरचासुद्धा नसेल. माझ्या हाताला मात्र पाण्याच्या पट्टीवर दोन रेघा चुकाव्यात तसा स्पष्ट कळला.

"आता पोलाद बघा." त्यांनी गल्ल्याशेजारची बारीक कानस काढली. एका स्वस्त पेचकसाच्या टोकावरून फिरवली, पांढरा चरा उठला. माझ्या हातातल्या पेचकसावरून फिरवली, कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. "मऊ टोक स्वतः पिळतं. आणि टोकाच्या कडा बघा, कापलेल्या आहेत, ओतलेल्या नाहीत. ओतलेल्या कडा गोल असतात. त्या पहिल्या दिवसापासूनच स्क्रूचं डोकं खातात."

मी कागदावरचा आकडा बघितला. दांडा मोजला. तीस मिलिमीटर.

"हा पुरणार नाही. भोक चौतीस खोल आहे."

बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "मोजून आलात? मग लांब दांड्याचा देते."

तेवढ्यात माझा फोन वाजला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं, आणि बायको फोनवर नेहमीच मोठ्याने बोलते. "अहो, चौतीस पॉईंट आठ!"

"पाणी बदल. आणि एक बाटली मधे सरकव," मी सांगितलं.

बाईंचा हात थांबला. "कोण आजारी आहे घरी?"

क्षणभर वाटलं, काहीतरी वेगळंच सांगावं. जैन घर, आणि माझं यंत्र अंड्यांचं. पण खोटं बोलून पेचकस घ्यावा इतकाही तो मोठा विषय नव्हता. "कोणी आजारी नाही, काकू. अंडी आहेत. उबवायचं यंत्र बंद पडलंय."

"खायची?"

"नाही. उबवायची. आज तेरावा दिवस."

"म्हणजे आत जीव आहेत."

"सदतीस."

त्या लांब दांड्याचा पेचकस शोधू लागल्या. मग खणातच बघत विचारलं, "आणि मोठी झाल्यावर?"

"कोंबड्या ठेवतील. कोंबडे काही विकतील."

"कोणाला, ते मला सांगू नका." खण बंद झाला. "ते तुमचं तुमच्यापाशी. आज जे विझतंय ते आधी बघा. दुकान मी एक वाजता बंद करते, आज नाही केलं. चला, अजून काय लागेल? कप्पा उघडल्यावर आत तारांचे स्क्रू असतील, ते चपटे असतात, दोन मिलिमीटरचे. ते तिरक्या टोकानं आवळाल तर तार तुटेल."

मी तीनच घेतले. एक नंबरची फुली, लांब दांड्याची. शून्य नंबरची फुली, कारण आतल्या सर्किटच्या पट्टीचे स्क्रू लहान असणार. आणि दोन मिलिमीटरचा चपटा. तिन्हींच्या मुठीला वर सुटी फिरणारी टोपी होती. तळहात टोपीवर ठेवायचा आणि बोटांनी खालची मूठ फिरवायची.

"गोल झालेले दोन आहेत ना?" बाईंनी कागदावर बोटभर राखाडी पेस्ट काढून दिली. इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायला मिस्त्री लोक वापरतात ती. "टोकाला लावा. खरखरीत असते, पकड येते. आणि भाऊ, तीन हिस्से दाब, एक हिस्सा फिरवणं. तुम्ही लोक उलटं करता."

परत येताना मी वेग वाढवला नाही. वाढवून पाच मिनिटं वाचली असती. त्याऐवजी डोक्यात क्रम लावत आलो. आधी शाबूत स्क्रू, मग अर्धा गेलेला, शेवटी वाटी झालेला.

घरी पोचलो तेव्हा पेटीत पस्तीस पॉईंट दोन होतं. बायकोने बाटल्या चारच्या सहा केल्या होत्या. तिच्या बोटांना कढत पाण्याने फोड आले होते, ते तिने सांगितलं नाही, मी बघितले.

सहावा स्क्रू खोल भोकातला. लांब दांडा आत गेला, टोक बसल्याचं हाताला कळलं. दाबलं, फिरवलं, निघाला. इतका सहज की मला टेस्टरची लाज वाटली. चौथ्याला पेस्ट लावली. तीन हिस्से दाब म्हणजे किती, हे आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त असतं. दुसऱ्या प्रयत्नाला तोही कुरकुरत निघाला.

पाचवा निघेना. तीनदा घसरला.

"मी दाबते," बायको म्हणाली. "तुमी नुसतं फिरवा."

झाकण जमिनीवर ठेवलं. तिने दोन्ही तळवे टोपीवर एकावर एक ठेवले आणि गुडघ्यांवर बसून पीठ मळावं तसा अंगाचा भार दिला. मी खालून मूठ दोन बोटांनी धरली.

"दाब."

"दाबलंय."

"अजून."

"आता जमिनीत जाईन मी! फिरवा की!"

मी फिरवली. आधी काहीच नाही. मग एक बारीक टक् असा आवाज झाला आणि मूठ पाव वळसा गेली. आम्ही दोघेही हललो नाही. मग आणखी पाव वळसा. तो स्क्रू मी कप्पा बंद करताना परत वापरला नाही.

कप्प्यात एक इंची खिळा दोन तारांवर आडवा पडला होता. उचलला, बाजूला ठेवला. एका तारेचा चपटा स्क्रू ढिला झाला होता, तो दोन मिलिमीटरच्या पेचकसाने आवळला. या स्क्रूला माझा टेस्टर लागला असता तर शेजारची तार नक्की तुटली असती, दोघांमध्ये तेवढी जागाच नव्हती. अडॉप्टर लावला. दिवा स्थिर झाला, पंखा फिरला, काचेवर आकडा आला. दोन पंचवीस झाले होते. नऊ चाळीस ते दोन पंचवीस, पावणेपाच तास.

चारच्या सुमाराला आकडा सदतीस पॉईंट सहावर आला. तेव्हा बायकोने बहिणीला फोन लावला. यंत्र बंद पडलं होतं, आता चालू आहे, एवढंच तिने सांगितलं. पलीकडून आवाज आला, "लोखंड ठेवलं व्हतं ना पण?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. "ठेवलं व्हतं, अक्का."

"मंग! म्हणून तर वाचली. न्हाईतर पाच तासांत काय ऱ्हातंय?"

बायकोने ओठ चावले. मी फोन घेतला. म्हणालो, "अक्का, दोन स्क्रू मी खराब केले म्हणून एवढा वेळ गेला. नाहीतर अर्ध्या तासाचं काम होतं. वाचली की नाही ते आज कळणार नाही."

"पावणं, तुमी बी लई हिशेब करता," ती म्हणाली. पण लगेच ठेवला नाही फोन. "किती वाचतील वाटतं?"

मी खोली अंधारी करून एकेक अंडं उजेडावर धरलं होतं. तेहतीसमध्ये काळा गोळा हलताना दिसला. चारमध्ये दिसला नाही. तोच आकडा सांगितला. अंदाज सांगितला नाही.

एकविसाव्या दिवशी पहाटे पहिलं अंडं चिरलं. संध्याकाळपर्यंत अठरा पिल्लं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सव्वीस. त्यानंतर एकही नाही. चोवीस तास वाट बघून यंत्र बंद केलं. न फुटलेली अकरा अंडी मी परसात पुरली. त्यातली किती आमच्या पावणेपाच तासांमुळे गेली आणि किती तशीही गेली असती, हे सांगता येत नाही. फोडून बघितलं असतं तर कोणत्या दिवशी वाढ थांबली याचा अंदाज आला असता. मी फोडली नाहीत. आयुष्यात मोजायची टाळलेली ही एकच गोष्ट आठवते. वहीत अकरा हा आकडा लिहिला आणि पुढे काही लिहिलं नाही.

मेहुणी पिल्लं लगेच न्यायला तयार होती. मी नाही म्हणालो. मानमोडीची लस सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून द्यायची, पुढचा डोस चार आठवड्यांनी. दोन्ही झाल्याशिवाय एकही पिल्लू तळेघरला जाणार नाही, आणि तोवर तिने खुराडं रिकामं ठेवायचं, जुनं गवत जाळायचं, भिंतींना चुना मारायचा. यावरून आमचं दोन वेळा वाजलं. "माझी पिल्लं, आन् तुमी मला चुना लावायला सांगता!" असं ती फोनवर म्हणाली. पण चुना मारला. मी फोटो मागितला, तिने शेजारणीच्या मोबाइलवरून पाठवला.

त्या दिवसांत दोन पिल्लं दगावली. उरली चोवीस.

आम्ही दोघं ती घेऊन गेलो. पुठ्ठ्याच्या दोन खोक्यांना भोकं पाडली, ती एसटीत मांडीवर धरली, आणि रस्त्यापासून वर मेहुणीच्या घरापर्यंत पायवाटेने चालत नेली. भात कापून झाला होता, खाचरात बुडखे उभे होते. खुराडं पांढरंशुभ्र होतं, आत नवीन गवत होतं. मेहुणीने आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही, आधी खोकी उघडली.

पिल्लं बाहेर आली आणि एकमेकांना चिकटून उभी राहिली. तिने मुठीतली नाचणी अंगणात फेकली. एकही पुढे झालं नाही. ती उकिडवी बसली आणि तोंडाने हळू हळू आवाज करू लागली, तिच्या आधीच्या कोंबड्यांना करायची तसा. मग एक तांबडं पिल्लू मान पुढे काढून आलं, त्याने एक दाणा टिपला. मग सगळी धावली.

मेहुणी बोटाने मोजत होती. दोनदा चुकली, कारण पिल्लं एका जागी थांबत नव्हती. तिसऱ्यांदा जमलं.

"चोवीस," ती म्हणाली.

मी म्हटलं, "बरोबर आहे."